पंधरा वर्षांनी हा प्रोग्रॅम कोण उघडेल? सरकारी कामासाठी भाषा निवडताना

सरकारी कार्यालयात नवं सॉफ्टवेअर करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत ते कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचं यावरून वाद सुरू होतो. कुणी जावा म्हणतं, कुणी पायथन, आणि पुण्याहून आलेला एखादा मुलगा नुकत्याच निघालेल्या फ्रेमवर्कचं, म्हणजे भाषेवर उभारलेल्या तयार सांगाड्याचं, नाव घेतो. मी सांगलीत गेली तेवीस वर्षं ग्रामपंचायतींची आणि लहान गावांची घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले यांची सॉफ्टवेअर सांभाळते. नवी लिहिली ती थोडी. दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेली दुरुस्त केली तीच जास्त. म्हणून अशा बैठकीत मी आधी एवढंच विचारते: हे किती वर्षं चालायचं आहे, आणि शेवटच्या वर्षी ते उघडून दुरुस्त करणारा माणूस कुठून येणार? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की भाषा बरीचशी आपोआप ठरते. ती उत्तरं कशी काढायची ते इथे लिहिते.

आधी आयुष्य ठरवा

सगळं सरकारी काम सारख्या आयुष्याचं नसतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांच्या नोंदींसाठी आम्ही चार दिवसांत एक फॉर्म उभा केला. तिथे भाषेचा विचार करायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. जे हाताशी होतं ते वापरलं. काम काही महिन्यांचं होतं. त्यातली माहिती मात्र पुढे लेखापरीक्षणात लागणार हे माहीत होतं, म्हणून रोज रात्री ती साध्या तक्त्यात काढून ठेवत होतो.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ याच्या अगदी उलट. कर आकारणीची ती नोंदवही, दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, आणि जुनी आकारणी काय होती हे वाद उभा राहिला की पुन्हा बघावं लागतं. म्हणजे त्या सॉफ्टवेअरने तीन-चार फेरआकारण्या तरी बघायच्या. जन्म-मृत्यूच्या नोंदी तर माणसाच्या आयुष्याएवढ्या. १९६९ च्या कायद्याखाली नोंदलेलं मूल आज पन्नाशी ओलांडून पासपोर्टसाठी दाखला मागायला येतं. पाच वर्षांच्या करारात पन्नास वर्षांची माहिती ठेवली जाते, ही गोष्ट निविदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायला हवी.

माझा ढोबळ नियम असा: दोन वर्षांच्या आतलं काम असेल तर करणाऱ्याला येते ती भाषा. दहा वर्षांच्या पुढचं असेल तर पुढचं सगळं वाचा.

मग माणसं मोजा

एक कोरा कागद घ्या. तुमच्या कार्यालयापासून एसटीने दीड-दोन तासांत पोचता येईल एवढा भाग डोळ्यांसमोर आणा. माझ्यासाठी तो सांगली, मिरज, तासगाव, विटा, पलूस, कवठेमहांकाळ आणि इकडे कोल्हापूर, कराड. या भागात ती भाषा रोजच्या कामात वापरणारी किती माणसं तुम्हाला नावानिशी माहीत आहेत ते लिहा. इंटरनेटवर ती भाषा किती लोकप्रिय आहे ते बाजूला ठेवा. तीसपेक्षा कमी पगारवाढी झालेले, म्हणजे निवृत्तीला अजून वेळ असलेले किती, तेही बघा.

जावा लिहिलं की माझा कागद भरतो. सी शार्प, पीएचपी, पायथन यांचंही तसंच. याचं कारण साधं आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात मुलं सी, जावा, पायथन शिकून बाहेर पडतात, अभियांत्रिकीतही तेच. दरवर्षी नवी माणसं तयार होतात. गो ही मला आवडणारी भाषा आहे. २०१२ साली पहिली पक्की आवृत्ती काढताना तिच्या कर्त्यांनी जुना कोड पुढेही चालेल असं वचन दिलं आणि ते बऱ्यापैकी पाळलं. देखभालीला याहून चांगला गुण कुठला? पण माझ्या कागदावर तिच्यापुढे दोनच नावं येतात, आणि त्यातलं एक बंगळूरला जायच्या तयारीत आहे. म्हणून इथल्या घरपट्टीसाठी मी गो सुचवत नाही. बंगळूरमध्ये बसून मी कदाचित तीच सुचवली असती.

माणसं संपली की काय होतं ते एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दिसलं. कोरोनात बेरोजगारी भत्त्याचे अर्ज एकदम वाढले, आणि न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना जाहीरपणे कोबोल जाणणारे स्वयंसेवक मागावे लागले. कोबोल १९५९-६० ची भाषा. तिच्यात खोट नव्हती, हिशेबाला तर ती आजही उत्तम. शिकवणं थांबलं आणि जाणकार निवृत्त झाले.

कॅलेंडर बघा

प्रत्येक भाषेच्या प्रत्येक आवृत्तीला आधार, म्हणजे बनवणाऱ्यांकडून दुरुस्त्या, किती दिवस मिळणार हे बहुतेकदा आधीच जाहीर झालेलं असतं. ती तारीख प्रस्तावातच लिहायची सक्ती करा. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही पाच वर्षांचंच गणित आहे. सी शार्प जिच्यावर चालते त्या डॉटनेटच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला तीन वर्षं; डॉटनेट ८ ची मुदत नोव्हेंबर २०२६ ला संपते. जावाच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्या ८, ११, १७, २१ अशा येत गेल्या.

या तारखांचा अर्थ असा की आवृत्ती बदलणं हे नैमित्तिक काम नसून घराला दर काही वर्षांनी रंग देण्यासारखं आहे. त्याचा खर्च वार्षिक देखभाल करारात वेगळी ओळ करून धरा. आमच्याकडे ती ओळ नसते, म्हणून कुणी आवृत्ती बदलत नाही, आणि मग एक दिवस सगळंच बदलायची पाळी येते. पायथन २ कडून ३ कडे जायला जगाला ११ वर्षं होती: तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ ची, आणि दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तरी त्या जानेवारीनंतर माझ्याकडे पायथन २ मधली दोन कामं दुरुस्तीला आली.

भाषा कुणाच्या मालकीची आहे तेही इथेच बघा. फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेने आपल्याकडची किती कार्यालयं चालवली! मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये जाहीर केलं की नववीनंतर दहावी आवृत्ती निघणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही संपला. एकाच कंपनीच्या हाती चावी असली की असा निरोप कधीही येतो. ज्या भाषेचं मानक प्रसिद्ध आहे किंवा जिचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, खुला आहे, तिला हा धोका कमी. केंद्र सरकारचं २०१५ चं मुक्त स्रोत धोरणही हेच सांगतं: निविदेत मुक्त स्रोताला प्राधान्य द्या, आणि पुरवठादार ते वापरत नसेल तर त्याच्याकडून कारण लेखी घ्या. तुमच्या निविदेत ते कलम आहे का, एकदा बघा.

भाषेआधी तिचे जोडभाग मरतात

२००६ साली मी एका पाणीपुरवठा योजनेच्या बिलांसाठी व्हिज्युअल बेसिक ६ निवडलं. मला ते चांगलं येत होतं, एवढंच कारण. ती आवृत्ती १९९८ ची, तिचा मुख्य आधार २००५ मध्येच संपला होता, आणि मी ते बघितलंच नाही. ती चूक माझी. पण गंमत बघा, त्या कामाचा जीव भाषेपायी गेला नाही. त्या भाषेतले तयार प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही चालतात. बिलांचा तक्ता दाखवायला मी बाहेरचा एक तयार भाग विकत घेतला होता. तो बनवणारी कंपनी बंद झाली, नव्या संगणकावर त्याचा परवाना चढेना, आणि परवान्याशिवाय प्रोग्रॅम पुन्हा बांधता, म्हणजे कोडपासून चालतं रूप तयार करता, येईना. पाणीपट्टीचा दर बदलायचा म्हणजे एक आकडा बदलायचा होता, आणि तो मला बदलता आला नाही.

तेव्हापासून भाषेपेक्षा अशा बाहेरून घेतलेल्या जोडभागांची चौकशी मी जास्त करते. जावास्क्रिप्ट जिवंत आहे, पण तिच्यावर उभ्या असलेल्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. पीएचपी जिवंत आहे, पण डेटाबेसशी बोलायच्या तिच्या जुन्या मायएसक्यूएल आज्ञा ७.० आवृत्तीत, डिसेंबर २०१५ ला, काढून टाकल्या, आणि ज्यांनी त्या हजार ठिकाणी लिहिल्या होत्या त्यांना हजार ठिकाणी हात घालावा लागला. जावाही जिवंत आहे, पण ब्राउझरच्या पानात चालणारा तिचा छोटा प्रोग्रॅम, ॲप्लेट, गेला. क्रोमने २०१५ मध्ये त्याला दार बंद केलं. डिजिटल स्वाक्षरीच्या कामासाठी जुना इंटरनेट एक्सप्लोरर असलेला एक संगणक राखून ठेवलेली कार्यालयं मी पाहिली आहेत, आणि जून २०२२ मध्ये तो ब्राउझरही निवृत्त झाला.

म्हणून पुरवठादाराकडून जोडभागांची पूर्ण यादी मागा: नाव, आवृत्ती, परवाना, आणि तो भाग उद्या मेला तर काय करणार. यादी दोन पानांच्या वर गेली तर मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारते, हा कशाला? निम्मे गळतात. राहिलेल्यांच्या प्रती आपल्या सर्व्हरवर ठेवून घ्यायच्या, बांधणीच्या वेळी इंटरनेटवरून ओढायच्या नाहीत.

मराठीची परीक्षा

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण भाषा निवडताना हीच परीक्षा आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते.

फेब्रुवारी महिना होता. कृष्णाकाठच्या एका ग्रामपंचायतीतून लिपिकांचा फोन आला, "मॅडम, मशीन गेलं, नवीन घेतलं, पण त्यावर घरपट्टीचं चालंना. मार्च एंड तोंडावर आलाय." गेले. कोपऱ्यात नवा संगणक, शेजारी जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, त्याच्यावर धुऊन धुऊन पातळ झालेलं कापड झाकलेलं. प्रोग्रॅम विंडोजवरच्या फॉक्सप्रो २.६ मधला, सोळा बिटांचा, म्हणजे जुन्या पिढीच्या विंडोजसाठी बांधलेला. नवं विंडोज चौसष्ट बिटांचं. त्यावर सोळा बिटांचं काही चालत नाही. लिहिणारा माणूस केव्हाच जिल्हा सोडून गेलेला, स्रोत कुणाकडे नाही.

जुनी हार्डडिस्क जोडली. फॉक्सप्रोच्या माहितीच्या डीबीएफ फाइली सलामत होत्या, आणि ते स्वरूप इतकं जुनं आणि माहितीतलं आहे की लिबरऑफिसमध्येही उघडतं. आकडे सगळे दिसले. नावांच्या जागी मात्र इंग्रजी चिन्हांची रांगोळी. त्या काळी मराठी साठवायची म्हणजे इंग्रजी संकेतांवर मराठी आकार बसवलेला फाँट वापरायचा. तो फाँट गेला की नाव गेलं.

पायथन ३ मध्ये रूपांतराचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. नुसतं चिन्हामागे अक्षर लावून भागत नाही. 'शिर्के' घ्या. त्या फाँटात पहिली वेलांटी आधी, मग श, मग क, त्याची मात्रा, आणि रफार सगळ्यात शेवटी, म्हणजे डोळ्याला दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या आजच्या मानकात, उच्चाराचा क्रम: श, मग वेलांटी, मग र, हलन्त, क, मात्रा. वेलांटी मागे न्यायची, रफार पुढे आणायचा, आणि जोडाक्षर मध्ये आलं तर ते ओलांडून. पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी लिपिक हाताने लिहिलेल्या वहीतून नावं मोठ्याने वाचत गेले आणि मी पडद्यावर जुळवत गेले. 'कुऱ्हाडे' आलं तेव्हा ते थांबले. "तीन घरं हायत कुऱ्हाड्यांची. तुमच्यात दोनच दिसत्यात."

तिसरंही होतं. पडद्यावर अगदी सारखं दिसत होतं, पण शोधात सापडत नव्हतं. ऱ्ह दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात मराठीसाठी दिलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडसंकेत. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. नियम आपणच लिहायचा, आणि माहिती आत येते त्या दारातच लावायचा.

म्हणून कुठलीही भाषा, कुठलाही डेटाबेस पुढे आला की मी 'कुऱ्हाडे' हा एकच शब्द देते. लांबी विचारा. डोळ्याला अक्षरं तीन. युनिकोडचे संकेत आठ. ते संकेत साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत बाइट चोवीस. पायथन ३ आणि जावा आठ सांगतात. पीएचपीची नेहमीची लांबीची आज्ञा चोवीस सांगते, आठ हवे असतील तर तिची बहुबाइटी आज्ञा वापरावी लागते. वीस बाइटांच्या रकान्यात हे नाव तुटतं, आणि ते अक्षराच्या मध्येच तुटतं. व्हिज्युअल बेसिक ६ च्या नेहमीच्या चौकटीत तर तिथे प्रश्नचिन्हंच उमटायची, आणि ती फाँटांची सगळी कसरत अशा मर्यादांमुळेच आली होती. त्यानंतर हाच शब्द शोधा, क्रम लावा, पीडीएफमध्ये छापा, आणि छापलेल्या पीडीएफमधून पुन्हा उचलून चिकटवा. अर्ध्या तासात होणारी परीक्षा आहे, करारावर सही होण्याआधी करा.

पैशांबद्दल थोडक्यात: रुपये कधीही तरंगत्या अपूर्णांकात (फ्लोटिंग पॉइंट) ठेवू नका. तिथे ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ होत नाही, सतराव्या घरात एक ४ येऊन बसतो. जावात बिगडेसिमल, सी शार्प आणि पायथनमध्ये डेसिमल, पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक हे दशमान प्रकार आहेत. जावास्क्रिप्टमध्ये असा अंगभूत प्रकार नाही, म्हणून कराची आकडेमोड ब्राउझरमध्ये करू देऊ नका.

मी आज काय निवडते

नमुना ८ सारख्या दीर्घायुषी कामाला: सर्व्हरवर जावा, किंवा कार्यालयात आधीपासून डॉटनेटची माणसं असतील तर सी शार्प. दोन्हींत माहितीचे प्रकार (आकडा, मजकूर, तारीख) आधी जाहीर करावे लागतात, त्यामुळे अनोळखी माणसाने दहा वर्षांनी एखादा रकाना बदलला तर कुठे कुठे तुटलं ते बांधणीच्या वेळीच कळतं. पायथन मला प्रिय आहे, रूपांतराला आणि अहवालांना मी तीच घेते, पण हात बदलत जाणाऱ्या मोठ्या कामात हा आधार मला कमी पडलेला जाणवतो. एकाच लहान कार्यालयापुरतं काम असेल तर पीएचपीलाही माझी हरकत नाही. गावात दुरुस्त करणारा सहज मिळतो. पडद्यासाठी सर्व्हरनेच तयार केलेलं साधं एचटीएमएल, वर जावास्क्रिप्टचा अगदी पातळ थर. आणि माहिती पोस्टग्रेसमध्ये. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल, तिचं मानक १९८६ पासून आहे. वरची भाषा दोनदा बदलली तरी खालचे तक्ते तसेच राहू शकतात. कराचे दर, सवलती, तारखा यासुद्धा तक्त्यात ठेवा. माझ्या त्या पाणीपट्टीचा दर तक्त्यात असता तर प्रोग्रॅम बांधायची गरजच पडली नसती.

एकच भाषा वरून सगळ्यांवर लादावी का, असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ॲडा भाषेची तशी सक्ती करून पाहिली आणि १९९७ मध्ये ती मागे घेतली. मी त्यांना दोन-तीन भाषांची मंजूर यादी करायला सांगितलं, आणि यादीबाहेरचं हवं असेल तर कारण लेखी.

सही करण्याआधी आणि जुनं बंद करण्याआधी

करारात स्रोत कोड खात्याच्या मालकीचा आणि खात्याच्याच भांडारात, दर महिन्याला अद्ययावत, असं लिहून घ्या. लिहून घेणं पुरेसं नसतं. वर्षातून एकदा कोरा संगणक घ्या, भांडारातला कोड त्यावर उतरवा आणि पुरवठादाराच्या लेखी सूचना वाचून, त्याला फोन न करता, ज्याने हे काम कधी पाहिलं नाही अशा माणसाला ते उभं करायला सांगा. जवळच्या महाविद्यालयातला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी चालेल. त्याला एका दिवसात जमलं तर देयक काढा. तो जिथे अडला ती ओळ सूचनांमध्ये घालून घ्या.

बदल करायचा तर एप्रिल ते दिवाळी. जानेवारी ते मार्च वसुलीच्या घाईत काहीही हलवू नका. आणि एक अख्खा मार्च महिना जुनं-नवं दोन्ही शेजारी चालवा. त्या ग्रामपंचायतीत आम्ही जुन्या प्रिंटरवर निघालेली आदल्या वर्षीची मागणी नव्या बेरजेशी ताडली, तर एकूण रकमेत सदतीस रुपयांचा फरक निघाला. लिपिक म्हणाले, सोडून द्या. मी सोडलं नाही. दोन रात्री शोधलं तेव्हा कळलं, जुना प्रोग्रॅम प्रत्येक कराचे पैसे वेगळे पूर्णांकात करायचा, नवा शेवटी एकदाच. दोन्ही रीती समजण्यासारख्या होत्या, पण लोकांच्या हातात आधीच्या पावत्या होत्या. नवा प्रोग्रॅम जुन्यासारखा केला, का केला ते त्याच जागी मराठीत चार ओळींत लिहिलं, आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांची त्या नोंदीच्या छापील प्रतीवर सही घेतली. जुनी हार्डडिस्क लेखापरीक्षण होईपर्यंत कपाटात ठेवली, वर चिठ्ठी लावून: फॉक्सप्रो २.६, घरपट्टी, फाँट सोबतच्या सीडीत.